प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी ऑनलाइन काय वापरता? स्वतः वापरून पाहिलेलंच सांगा

अबोली२१
नमस्कार मंडळी. मुलगी तिसरीत आहे, मुलगा पहिलीत. गेल्या वर्षी एका अॅपची वर्षभराची वर्गणी भरली. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका अॅपचा नाही. सुरुवातीला मुलगी रोज उत्साहाने बसायची. रोजचा तक्ता हिरवागार दिसायचा, मीही खूश होते. एकदा शेजारी बसून पाहिलं तर ती प्रश्न वाचतच नव्हती. चार पर्याय एकामागून एक दाबायची, बरोबर लागला की नाणं मिळायचं आणि त्या नाण्यांनी अॅपमधलं घर सजवायचं. घर सुंदर सजलं, पण ४०३ वजा १५८ दिलं की ती अजूनही अडते. शून्याकडून हातचा कसा घ्यायचा हे तिला कळलेलंच नाही.

मला ऑनलाइन साधनं नको आहेत असं नाही. शोधायला बसलं की याद्याच याद्या समोर येतात, 'सर्वोत्तम ५०' वगैरे, आणि त्या लिहिणाऱ्याने एखादं तरी मुलासोबत बसून वापरलंय का, अशी शंका येते. मला तिच्यासाठी गणित हवं आहे, दोघांसाठी मराठी वाचन हवं आहे आणि धाकट्यासाठी जाहिराती नसलेलं काहीतरी. तुमच्या घरात काय टिकलं?

रानवारा
धाकट्यासाठी खान अकॅडमी किड्स बघा. २ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे, मोफत आहे, जाहिरात एकही नाही आणि मध्येच 'आता पैसे भरा' असंही येत नाही. इंग्रजीत आहे, त्यामुळे सुरुवातीला तुम्हाला जवळ बसावं लागेल. माझ्या लेकाला त्यातली अक्षरं गिरवणं आणि वस्तू मोजणं फार आवडायचं.

मुलीसाठी मूळ खान अकॅडमी. सलमान खान (अभिनेते नव्हेत, शिक्षक!) यांनी २००४ मध्ये नात्यातल्या एका बहिणीला दुरून गणित शिकवायला सुरुवात केली, त्यातून पुढे २००८ मध्ये ही ना-नफा संस्था उभी राहिली. एक गोष्ट अनुभवाने सांगते. मूल तिसरीत असलं तरी दुसरीच्या पाठापासून सुरुवात करा. आम्ही थेट पुढच्या इयत्तेचं उघडलं आणि आठवड्यात मुलाने 'मला गणित येत नाही' असं ठरवून टाकलं. मागून सुरुवात केल्यावर पहिले काही दिवस सोपे गेले, त्याला धीर आला आणि नेमकी गाठ कुठे आहे तेही दिसलं.

पानगळ
वाचनखूण साठवली. आमच्याकडेही नाण्यांचंच प्रकरण आहे, फक्त घराऐवजी बाग.

खडूफळा
अबोलीताई, मी सतरा वर्षं प्राथमिकला शिकवतो आहे. तुमचं ४०३ वजा १५८ वाचलं आणि राहवलं नाही. कुठलंही अॅप उघडण्याआधी घरातल्या काड्या घ्या. काड्यापेटीतल्या, झाडूच्या, कसल्याही. दहा काड्यांना रबर लावलं की एक दशक. असे दहा गठ्ठे एका पिशवीत घातले की एक शतक. आता ४०३ मांडा: चार पिशव्या, गठ्ठा एकही नाही, सुट्या तीन काड्या. यातून आठ सुट्या काढायच्या आहेत. गठ्ठा नाही, म्हणजे एक पिशवी उघडावीच लागते. त्यातून दहा गठ्ठे निघतात. त्यातल्या एकाचं रबर काढलं की दहा सुट्या मिळतात. आता तीन पिशव्या, नऊ गठ्ठे, तेरा सुट्या. तेरातून आठ गेले पाच, नवातून पाच गेले चार, तीनातून एक गेला दोन. उत्तर २४५.

वहीत आपण शून्य खोडून वर नऊ लिहितो ना, तो नऊ कुठून आला हे मुलांना कधीच दिसलेलं नसतं. काड्यांमध्ये ते दिसतं. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हा क्रम मांडला: आधी हाताने करणं, मग चित्र, मग चिन्ह. बहुतेक अॅपं तिसऱ्या पायरीवर उभी असतात आणि मुलाला थेट तिथून हाक मारतात.

काड्यांनंतर ऑनलाइन सराव जरूर द्या. पण निवडताना मी आधी स्वतः मुद्दाम चूक उत्तर देतो आणि पुढे काय होतं ते पाहतो. नुसतं 'पुन्हा प्रयत्न करा' आलं तर ते मुलाला शिकवत नाही, फक्त तपासतं. पायरी दाखवली, इशारा दिला तर पुढे बघतो. मग अंदाजाने पर्याय दाबत गेलं तरी बक्षीस मिळतं का, तेही पाहतो. तुमच्या मुलीने चलाखी केली असं नाही, तिला अॅपने जे शिकवलं तेच ती शिकली.

अबोली२१
सर, हे शेवटचं वाक्य वाचून डोळ्यात पाणी आलं. मी तिला त्या दिवशी खूप बोलले होते.

निळाई
माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडते. या वयात ऑनलाइन साधनं शोधायचीच कशाला? सरांनी सांगितलेल्या काड्यांनी काम होतं, तर स्क्रीन कशाला हवी? जागतिक आरोग्य संघटनेनेही लहान मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको असं सांगितलं आहे. आमच्या घरी दुसरीपर्यंत काहीच दिलं नाही. मुलगी भरपूर वाचते, चित्रं काढते, काही अडलं नाही.

भ्रमर
निळाईताई, एक दुरुस्ती. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची ती मार्गदर्शक तत्त्वं पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहेत. दोन ते चार वर्षांच्या मुलांना एक तासाच्या वर नको, कमी असेल तितकं बरं, असं त्यात आहे. शाळकरी वयाला तोच आकडा लावता येत नाही. भावना मात्र पटते.

अडचण अशी की प्रत्येक घरात वाचून दाखवायला मोकळं माणूस नसतं आणि पुस्तकंही नसतात. आम्ही मराठी फारसं कानावर न पडणाऱ्या ठिकाणी राहतो. मुलांना मराठी पुस्तक हातात मिळणं दुर्मीळ. आम्हाला स्टोरीवीव्हरने तारलं. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे मोफत व्यासपीठ. मराठीत भरपूर चित्रकथा आहेत आणि वाचनाच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. पहिल्या पातळीवर एका पानावर एखाददुसरं वाक्य असतं, चौथीवर बऱ्यापैकी मोठी गोष्ट. मुक्त परवाना असल्यामुळे गोष्ट उतरवून घेता येते, छापताही येते. आम्ही पंधरा गोष्टी छापून दोऱ्याने शिवल्या. आता मुलं स्क्रीन मागत नाहीत, 'शिवलेलं पुस्तक' मागतात.

निळाई
भ्रमर, दुरुस्तीबद्दल आभार. वयोगट माझ्या लक्षात आला नव्हता. छापून शिवण्याची कल्पना मनापासून आवडली, ती मी करणार. तासन् तास एकटं बसवण्याला माझा विरोध होता आणि तो आहेच.

शब्दवेडी
स्टोरीवीव्हरला अनुमोदन, सोबत एक सूचना. तिथे कोणीही भाषांतर करू शकतं, म्हणून मराठी सगळीकडे सारखी नाही. काही गोष्टी अगदी गोड आहेत, काहींत वाक्यं अवघडलेली वाटतात. मुलाला देण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर ती गोष्ट बाजूला ठेवा. पहिलीतल्या मुलासाठी जोडाक्षरं किती आहेत तेही बघा. पातळी एकच्या काही गोष्टींतही जोडाक्षरं येतात आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथे थबकतं.

आणि उलट बाजूही आहे: भाषांतर तुम्हीही करू शकता. मी आणि माझ्या आईने मिळून एक गोष्ट मराठीत आणली. मुलाने ती वाचताना आजीला थांबवून सांगितलं, "बेडूक असं बोलणार नाही." मग आम्ही बेडकाची वाक्यं बदलली.

पानगळ
बेडूक कसं बोलतो मग? :)

शब्दवेडी
कमी बोलतो म्हणे. फक्त 'हो', 'नाही' आणि 'डराव'.

काडीपेटी
सरांच्या काड्यांवरून आठवण झाली. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाचं नाव अजून कसं कोणी घेतलं नाही? आयआयटी कानपूरला शिकलेले अभियंते, टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्यात त्यांनी आयुष्य घातलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. खेळण्यांची छायाचित्रं आणि छोटे व्हिडिओ आहेत, मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं मोफत वाचायला ठेवलेली आहेत.

माझ्या मुलाने पहिल्यांदा केली ती नळीची पिपाणी. पेय प्यायची नळी घ्यायची, एक टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं आणि ओठात धरून फुंकायचं. आवाज आला की दुसऱ्या टोकाकडून कात्रीने थोडं थोडं कापत जायचं. नळी आखूड होईल तसा स्वर चढत जातो. हवेचा स्तंभ, कंपनं हे शब्द त्याला तेव्हा माहीत नव्हते, पण 'लहान नळी, बारीक आवाज' हे त्याने स्वतः शोधलं. व्हिडिओ दोन मिनिटांचा, हातातलं काम दोन तासांचं. ऑनलाइन साधन मला असंच हवं असतं, मुलाला स्क्रीनपासून उठवणारं.

निळाई
याला मात्र माझं पूर्ण अनुमोदन.

अर्धापाव
अपूर्णांक कोणाकडे चालू आहेत का? माझी चौथीतली लेक ठामपणे म्हणायची की १/८ हा १/४ पेक्षा मोठा, कारण आठ चारापेक्षा मोठे. कितीदा सांगितलं तरी परीक्षेत तेच. शेवटी फेटवर अपूर्णांकांचं सिम्युलेशन उघडून दिलं. फेट म्हणजे कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. मोफत आहे, खातं लागत नाही, काही सिम्युलेशनं मराठीतही आहेत. त्यात आकृतीचे भाग वाढवत नेले की प्रत्येक तुकडा डोळ्यांदेखत लहान होतो. ती भाग वाढवत गेली आणि म्हणाली, "अरे, जास्त जणांत वाटलं की कमीच येणार."

तिथून उठून आम्ही सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या घडी घालून चार आणि आठ भाग केले, त्या अजून भिंतीवर आहेत. नुसती पट्टी आधीही दाखवली होती, तेव्हा काही झालं नव्हतं. म्हणून खडूफळा सरांना विचारते, क्रम नेहमी हातापासूनच असावा लागतो का?

खडूफळा
चांगला प्रश्न. ताई, पहिल्या वेळी पट्टीची घडी तुम्ही घातली होती की तिने?

अर्धापाव
मी.

खडूफळा
मग उत्तर तुम्हीच दिलंत. सिम्युलेशनमध्ये भाग तिने स्वतः वाढवले.

दोनदुणे
अवांतर आहे, पण पाढ्यांचं काय करता? अॅप, गाणं की रोज संध्याकाळी म्हणणं? आमच्याकडे सासूबाई म्हणतात तीसपर्यंत पाठ हवेत, शाळा म्हणते समजून घ्या, मुलगा म्हणतो दोन्ही नको.

रानवारा
दोन्ही हवेत. ७ × ८ म्हणजे सात जणांचे आठ-आठ, हे समजलं पाहिजे आणि ५६ हे क्षणात आलंही पाहिजे. भागाकार करताना दर पायरीला मूल पाढा मोजत बसलं तर भागाकार कुठवर आला तेच विसरतं.

चौकटराजा
दोनदुणे, पाढ्यांसाठी मी अॅप सोडून तीन खणांची पेटी केली. कार्डाच्या एका बाजूला ७ × ८, मागे ५६. बरोबर आलं की कार्ड पुढच्या खणात, चुकलं की परत पहिल्या खणात. पहिला खण रोज, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्यातून एकदा. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे माहीत आहे की एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. हेच तत्त्व वापरणारं अंकी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, पण लहान मुलाला खऱ्या कार्डांची पेटी जास्त आवडते. तिसरा खण भरताना माझ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. शिवाय ७ × ८ आणि ८ × ७ एकच हे कळलं की कार्डं जवळजवळ निम्मी होतात, ते मुलाला स्वतःला शोधू द्या.

आजोबा_आणि_नात
मी नातीला शिकवतो. आमच्याकडे इंटरनेट येतं-जातं, म्हणून एकदा उतरवून ठेवलं की जाळ्याशिवाय चालतील अशी साधनं शोधली. जीकॉम्प्री हे मुक्त सॉफ्टवेअर २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे, शंभराहून जास्त खेळ आहेत: माउस धरायला शिकण्यापासून घड्याळ वाचण्यापर्यंत. चित्रांसाठी टक्स पेंट. विश्वकोशासारखं वाचायला किविक्स, त्यात विकिपीडियाच उतरवून ठेवता येतो. जुना संगणक पुरतो. जाहिरात नाही, सूचना वाजत नाहीत, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही. इंटरनेट नसणं ही आमची अडचण होती, पण नातीचं लक्ष कुठेही भरकटत नाही हा तिचाच फायदा झाला.

पानगळ
आजोबा, सलाम. घड्याळ वाचणं आमच्याकडे अडलंय, आजच बघते.

कुंपण
सुरक्षिततेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बऱ्याच संकेतस्थळांवर खातं काढायला १३ वर्षांची अट दिसते. ती अमेरिकेच्या मुलांच्या ऑनलाइन माहितीविषयीच्या १९९८ च्या कायद्यातून आली आहे: त्या वयाखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. म्हणून वय खोटं टाकून मुलाचं खातं काढू नका. तसं केलं की मुलांसाठीची सगळी संरक्षणं गळून पडतात. पालकाच्या ईमेलवर काढा, टोपणनाव द्या, फोटो आणि शाळेचं नाव टाकू नका.

व्हिडिओ मुलाने शोधायचे नाहीत, आपण शोधून यादी करून द्यायची. 'आपोआप पुढचा व्हिडिओ' ही सोय बंद करायची. बुद्धिबळ शिकत असेल तर लीचेस उत्तम, पूर्ण मोफत आणि बिनजाहिराती, आणि त्यात लहान मुलांसाठीची व्यवस्था चालू केली की अनोळखी माणसांशी गप्पांची सोय बंद होते. मला हे सहा महिन्यांनी कळलं, तुम्ही पहिल्या दिवशीच करा.

मनमोर
माझ्या मुलाला वाचनात खूप अडचण होती. आम्ही वर्षभर एकामागून एक वाचनाची अॅपं बदलत राहिलो, प्रत्येक वेळी वाटायचं की अॅप चुकलं. शेवटी तज्ज्ञांकडून तपासणी केली तेव्हा डिस्लेक्सिया असल्याचं समजलं. ते वर्ष गेलं याचं दुःख आहे. इतर मुलांच्या मानाने अक्षरओळख फारच रेंगाळत असेल, तेच अक्षर रोज नव्याने भेटल्यासारखं वाटत असेल, तर साधन बदलत बसू नका, तपासून घ्या. आता त्याला गोष्ट ऐकता ऐकता शब्द उजळत जातात अशा प्रकारच्या वाचनाचा चांगला उपयोग होतो. स्टोरीवीव्हरवरही अशा काही गोष्टी आहेत.

अबोली२१
मनमोर, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. याने कोणाचं तरी वर्ष वाचेल.

घंटानाद
थोडी मोठी मुलं असतील तर स्क्रॅच विसरू नका. एमआयटीने २००७ मध्ये खुलं केलं, ८ ते १६ वयासाठी, मोफत. ५ ते ७ वयासाठी स्क्रॅचज्युनिअर. आज्ञांचे ठोकळे जोडून मांजराला चालवायचं असतं. माझी पाचवीतली मुलगी मांजराने चौकोन काढावा म्हणून धडपडत होती. चार वेळा पुढे जा आणि ९० अंशात वळ, हे तिचं तिने काढलं. मग त्रिकोणासाठी ६० अंश दिले आणि मांजर भलतीकडेच निघालं. अर्धा तास लागला, पण मांजर बाहेरच्या बाजूने वळतं म्हणून १२० द्यावे लागतात, हे तिने मांजराच्या जागी स्वतः उभं राहून, खोलीत चालून शोधलं. मी गप्प बसले, ते फार कठीण गेलं.

अबोली२१
मंडळी, चार आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचं वाचलं आणि मुद्दाम थोडंच उचललं, कारण मागच्या वेळी मी सगळं एकदम देऊन बसले होते. ते वर्गणीवालं अॅप काढून टाकलं. धाकट्याला खान अकॅडमी किड्स आणि रात्री स्टोरीवीव्हरची एक छापलेली गोष्ट. मुलीला आधी काड्या, मग खान अकॅडमीवर दुसरीच्या पाठांपासून सराव, रोज वीस मिनिटं, मी शेजारी. हे शेजारी बसणंच मी आधी केलं नव्हतं. अॅप याचसाठी घेतलं होतं ना, की मला बसावं लागू नये.

पहिले तीन दिवस तिने जुनी सवय म्हणून पर्याय दाबून पाहिले. नाणी येईनात. चौथ्या दिवशी तिने स्वतः काड्या आणल्या. ४०३ मांडले, पिशवी उघडली, एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि म्हणाली, "शून्याकडे काही नव्हतंच गं, म्हणून तो शेजारच्याकडे मागायला गेला आणि नऊ स्वतःकडे ठेवले." मग ५०२, ६००, ७०१ सगळी तिनेच मांडली. रात्री झोपताना विचारत होती, १००० मधून १ घेतला तर किती रबरं काढावी लागतील.

धाकट्याने काल पहिली अख्खी गोष्ट एकट्याने वाचली. एका जोडाक्षरापाशी थांबला, मी सांगणार तोच हाताने मला थोपवलं.

निळाई
अबोली, किती छान! आम्हीही तीन पुस्तकं शिवली.

दोनदुणे
मग १००० मधून १ घेतला तर किती रबरं?

अबोली२१
पिशवी उघडायला एक, गठ्ठ्याचं एक, आणि हजाराचं मोठं खोकं उघडायचं ते वेगळं, असं ती म्हणते. खोकं अजून केलेलं नाही, या आठवड्यात करणार आहोत. सर, पुढे भागाकार येतोय. काड्या आवरून ठेवू का?

खडूफळा
ठेवू नका. ८४ भागिले ३ याच काड्यांनी करायचा आहे. आठ गठ्ठे तिघांत वाटायचे, प्रत्येकाला दोन आले की दोन गठ्ठे उरतील. त्यांची रबरं तिला काढू द्या.